रि: मांजर मध्येच अडली, तेव्हा

निशिकासाईकर:

मंडळी, नमस्कार.

रविवारी पोरांना घेऊन घराजवळच्या फॅमिली रेस्तराँत गेलो होतो. जेवण घेऊन मांजर आली, म्हणजे तो मांजराच्या तोंडाचा वाढपी रोबो. आमच्या टेबलापासून दोन हातांवर येऊन थबकली, कारण वाटेत बेबी चेअरचा पाय आला होता. डोळे मिचकावले, वाक्याच्या शेवटी ‘न्या’ (जपानी ‘म्यांव’) लावून वाट मागितली. परत मागितली. धाकटी तिच्याशी गप्पा मारायला लागली, थोरला म्हणाला, “बाबा, करी गार होतेय.” शेवटी आतून सत्तरीच्या एक बाई आल्या, पायानेच खुर्ची सरकवली, मांजरीला कानामागे थोपटलं आणि गेल्या.

हसू आलं, पण घरी येऊन विचारात पडलो. या जपानातलं लोखंड, म्हणजे हार्डवेअर, बघा. जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीने 2024 च्या जुलैपासून विजेच्या तारांच्या कामावर यंत्रमानव लावलाय. रुळावरच्या ट्रकवर बसतो, 12 मीटर उंचीवर 40 किलोपर्यंतचं वजन पेलतो, आणि चालवणारा खाली केबिनमध्ये चष्मा चढवून बसलेला असतो. मॅग्लेव्हने, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या गाडीने, 2015 मध्येच यामानाशीत ताशी 603 किलोमीटर गाठले. आणि आपला धंदा? मी आजही एक्सेलच्या बारक्या चौकोनांत स्पेसिफिकेशन भरतो, त्यावर हांको, म्हणजे नावाचा शिक्का, उमटतो, मग पुढचा माणूस ते छापून वाचतो.

लोखंड इतकं हुशार आणि सॉफ्टवेअर इतकं मठ्ठ, हे एकाच देशात कसं काय जमतं?

ता. क. नागोयाकर काका, मॅग्लेव्ह सुरू झाली की तुम्ही 40 मिनिटांत टोकियोत. मग मंडळाच्या कार्यक्रमाला दांडी मारायला सबब उरणार नाही.

---

नागोयाकर:

चि. निशिकासाईकर,

मॅग्लेव्ह 2027 ला येणार होती, आता 2034 च्या आत नाही म्हणतात. तोवर मी सत्तरीचा होईन आणि सबबही नवी शोधेन. तसंही शिझुओकाकडून फुजी बघत येणारा मी माणूस. 286 किलोमीटरांतले बहुतेक बोगद्यांतून येऊन मला मिळणार काय?

आता तुझा प्रश्न. लोखंड हुशार नसतं रे. कारखान्यात रोबोंच्या संगतीत माझी 31 वर्षं गेली, त्यातला एकही हुशार निघाला नाही. त्यांना थांबता येतं, एवढंच.

रोबोला हालचाल शिकवताना हातात टीच पेंडंट, म्हणजे हातात धरायचा कंट्रोल, असतं. त्याच्या मागच्या बाजूला एक खटका असतो. अर्धा दाबून धरलास तरच हात हलतो. सोडलास की थांबतो, हे कुणालाही सुचलं असतं. पण करकचून आवळलास तरीही थांबतो. का? तर घाबरलेला माणूस एक तर हातातलं टाकून देतो, नाहीतर मूठ गच्च आवळतो. ज्याने तो खटका बनवला त्याने रोबोचा अभ्यास केलाच असेल, पण त्याआधी भ्यालेल्या माणसाची मूठ बघितली असणार. माझी मूठ एकदाच आवळली गेली, 1998 मध्ये. बोटं दहाच्या दहा आहेत, म्हणून हे टाइप करतोय.

तुझी मांजर अडली त्याला आमच्याकडे ‘चोकोतेइ’ म्हणतात. छोटासा खोळंबा. कुणीतरी येतं, अडकलेला नट काढतं, लाइन पुन्हा सुरू. तिने खुर्ची ढकलून पुढे यायचं ठरवलं असतं तर करी तुझ्या धाकटीच्या अंगावर असती. उगाच नाही इथे 80 वॉटच्या वरची मोटर असलेल्या रोबोला कुंपण सक्तीचं होतं. तो नियम सैल झाला 2013 च्या डिसेंबरात, तोही धोके आधी तपासून लिहून ठेवले असतील तरच.

आता थोडं घरचं. मी मूळचा इचलकरंजीचा. वडिलांचे चार माग होते. इथे नागोयात टोयोटाचं उद्योग संग्रहालय आहे, तिथे साकिची टोयोडांचा 1924 चा माग चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप उभा राहतो. गाइड बाई मुद्दाम धागा तोडते आणि लोक ‘ओऽऽ’ करतात. मी नाही केलं. आमच्या मागालाही बाणा तुटल्यावर थांबवणारा काटा होता. फक्त आमच्या कामगाराने तो तारेने बांधून ठेवला होता.

का बांधला होता? त्याची मजुरी मीटरवर होती. माग उभा राहिला की त्याचे पैसे बुडायचे. कापडात पट्टी पडली तर ती तपासणीत पुढे कधीतरी सापडणार, आणि तोवर शनिवारचा पगार झालेला असणार. वडिलांना तार दिसत होती. वडिलांनाही व्यापारी मीटरवरच पैसे देत होता.

तुमच्या धंद्यात पैसे कशावर मिळतात, ते आधी सांग. मग मठ्ठ कोण ते बोलू.

---

कावासाकीकर:

काका, मागाची गोष्ट झकास. पण थांबणं म्हणजेच शहाणपण, हे मला पटलं नाही.

12 ऑक्टोबर 2007, शुक्रवार. मला पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती, भाषा अजून अर्धीमुर्धी. सकाळी स्टेशनवर पोचले तर तिकिटाची गेटं मेलेली. ना दिवे, ना आवाज. मनात म्हटलं, आता दादरसारखी चेंगराचेंगरी होणार आणि ऑफिसात उशिराचं कारण जपानीत सांगावं लागणार. (दुसऱ्याचीच भीती जास्त होती.) तसं काही झालंच नाही. गणवेशातला एक पोरगेला कर्मचारी गेटापाशी उभा राहून हाताने पुढे जा, पुढे जा करत होता. सगळे कार्ड न लावता आत गेले. रांगसुद्धा मोडली नाही. त्या दिवशी टोकियो परिसरातल्या 662 स्टेशनांवरची 4,378 गेटं सुरूच झाली नाहीत, आणि असे 26 लाख लोक गेले.

नंतर मी टिकिटांच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये शिरले, तेव्हा कारण नीट समजलं. गेट पहाटे सुरू होताना बाद कार्डांची यादी सर्व्हरकडून घेतं. त्या दिवशी यादीचा आकार नेमका असा आला की प्रोग्रॅम वाचतावाचता अडकला. एक नोंद कमी किंवा जास्त असती तर कुणाला पत्ता लागला नसता. असले बग आपण सगळ्यांनी पेरलेत, खोटं बोलू नका.

मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. इथल्या गेटाची झडप मुळात उघडीच असते, बघितलंय का कधी? काही चुकलं तरच ती मिटते. कार्ड 0.2 सेकंदात वाचून होतं आणि चालणाऱ्याला पाऊल आखडावं लागत नाही. म्हणजे यंत्राने गृहीत काय धरलंय, तर येणारा माणूस प्रामाणिक आहे. एक दिवसाचं उत्पन्न गेलं तर गेलं, पण फलाटाच्या जिन्यात माणसं तुंबता कामा नयेत, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं. त्या पोराला सकाळी साडेसहाला साहेबाला फोन लावावा लागला नसणार.

रोबोने बिघडल्यावर थांबावं, गेटाने बिघडल्यावर उघडं राहावं. टेस्टिंगमध्ये मी पहिला प्रश्न हाच विचारते, की हे पडलं तर कुठल्या बाजूला पडायला हवं? दहातल्या नऊ मीटिंगांत लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘पडणार नाही.’

---

सेंदाइकर:

ताई, आमच्याकडे सगळं पडून झालंय, म्हणून दोन ओळी.

11 मार्च 2011 च्या भूकंपात मी सेंदाइत ऑफिसच्या टेबलाखाली होतो. त्या वेळी तोहोकु शिनकान्सेनच्या, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनच्या, कितीतरी गाड्या धावत होत्या. किनाऱ्यावरच्या भूकंपमापकाने हादरा ओळखला, वरची वीज तुटली आणि गाड्यांना ब्रेक लागले. वीज गेली की ब्रेक लागणार, अशीच रचना. गाडीला ‘थांब’ असं वेगळं सांगावं लागत नाही. सेंदाइजवळ चाचणीची एक रिकामी गाडी रुळावरून उतरली, पण प्रवासी असलेली एकही घसरली नाही.

मी औशाचा आहे, किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मी चौथीत होतो. त्यावर जास्त लिहीत नाही.

मात्र मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची माहिती वाचताना एका ओळीवर थांबलो. 508 किलोमीटरच्या मार्गासाठी 28 भूकंपमापक ठरलेत. 22 मार्गालगत, आणि 6 मार्गापासून लांब, जिथे आधी धरणी हललेली आहे तिथे. त्यातले चार महाराष्ट्रात: खेड, रत्नागिरी, पांगरी आणि लातूर. लातूरच्या जमिनीला काही जाणवलं तर बोईसरच्या पुढे धावणारी गाडी थांबणार. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “गाडी तिकडून जाणार, अन् राखण आमी करायची व्हय?”

---

निशिकासाईकर:

काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आम्हाला पैसे निंगेत्सुवर मिळतात. एक माणूस, एक महिना, इतके येन. म्हणजे मीटरच झाला की.

आणि मीटर मोजणारेही थरांचे. ग्राहक मोठ्या कंपनीला काम देतो, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. आम्ही चौथ्या पायरीवर. वरच्या प्रत्येक पायरीवर थोडी साय काढली जाते आणि ताक आमच्यापर्यंत येतं. तुम्ही महिन्याचं काम दोन आठवड्यांत उरकलंत तर बक्षीस काय? अर्धे पैसे. मग हुशार सॉफ्टवेअर लिहिण्याची गरज आहे कुणाला? इथल्या अर्थ आणि उद्योग मंत्रालयाने 2018 च्या अहवालात सांगूनही टाकलं होतं, की जुनाट सिस्टिम तशाच ठेवल्यात तर 2025 नंतर वर्षाला 12 लाख कोटी येनपर्यंत फटका बसेल. अहवाल सगळ्यांनी वाचला. आमच्याकडे तो एक्सेलमध्ये कॉपी करून वाटला.

आता खरी गोष्ट, ग्राहकाचं नाव न घेता. मागच्या वर्षी कोटेशनमध्ये मी एक ओळ टाकली होती: ‘किरिमोदोशी तालीम, 0.5 निंगेत्सु.’ नवी सिस्टिम चालली नाही तर जुनीवर परत कसं जायचं, त्याची एकदा रंगीत तालीम. वरून विचारणा आली, यातून ग्राहकाला नवीन काय मिळतं? मी म्हटलं, काही नाही. ओळ खोडली गेली. खरं सांगायचं तर मीही फार भांडलो नाही. बाकीची ऑर्डर टिकवायची होती.

रिलीज शनिवारी रात्री. साडेबाराला डेटा अडकला. दोनला ठरलं, मागे फिरायचं. कागदावर किरिमोदोशीच्या 46 पायऱ्या होत्या. बाराव्या पायरीवर जो पासवर्ड लागत होता तो ज्या माणसाकडे होता, तो मार्चमध्ये बदली होऊन फुकुओकाला गेलेला. पहाटे चारला त्याच्या बायकोने फोन उचलला. मला ताईंचा तो गेटापाशी उभा पोरगा आठवायला हवा होता, पण ही मेल तेव्हा आली नव्हती. आठवली ती आमच्या मॅनेजरची मूठ. त्याने माउस असा आवळला होता की क्लिकवर क्लिक होत होते आणि एकच विंडो नऊदा उघडली.

सोमवारी सिस्टिम चालू झाली. बिलात जादा तास लागले. म्हणजे, काका, पट्टी पडलेल्या कापडाचेही मीटर आम्हाला मिळालेच.

या आठवड्यात नवीन कोटेशन पाठवलंय. ती ओळ पुन्हा घातलीय, आणि ती खोडायची असेल तर संपूर्ण काम नको असं खाली लिहिलंय. बायको म्हणते हा माज आहे. उत्तर आलेलं नाही.

---

नागोयाकर:

माज असू दे. वडिलांनी तार काढली होती, 1986 च्या सुमारास. कामगाराला मीटरऐवजी रोजावर घेतलं. वर्षभरात दोन माग विकावे लागले. उरलेल्या दोघांवरचं कापड मात्र व्यापारी न उलगडता उचलायचा. हे तुला धीर देण्यासाठी सांगत नाहीये, हिशेब पूर्ण असावा म्हणून सांगतोय. दोन माग गेले ते गेलेच.

शनिवारी येतोय. हिकारी शिनकान्सेनने, फुजीच्या बाजूची खिडकी मिळाली आहे.

---

सचिव:

सर्वांस नमस्कार. चर्चा उत्तम चालली आहे, पण शनिवारच्या कोजागिरीची नावं अजून 19 जणांचीच आली आहेत आणि दूध मला उद्या सांगायचं आहे.

रोबोवाल्या, रेल्वेवाल्या आणि सॉफ्टवेअरवाल्या सर्व तज्ज्ञांना एक विनंती. गेल्या वर्षी हॉलच्या स्वयंपाकघरात दोन इंडक्शन शेगड्या एकदम लावल्या, ब्रेकर पडला, आणि आपल्यातल्याच एका इंजिनियरने तो चिकटपट्टीने वर चिकटवायचा प्रयत्न केला. हॉलच्या आजोबांनी ती पट्टी जपून ठेवली आहे आणि बुकिंगला गेले की मला दाखवतात.

यंदा दूध एका वेळी एकाच शेगडीवर आटेल. वीस लिटरला वेळ लागणार, म्हणून ढवळणाऱ्यांनी सहाऐवजी चारला यावं. चारोळी कुणाकडे असेल तर कळवा, निशिकासाईच्या दुकानातली संपली आहे.