पीयूसी करता करता एपी कॅल्क्युलस की एनपीटीईएल?

टिळकवाडी_पालक
मुलगी पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पहिल्या वर्षाला, सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणिताची मनापासून आवड आहे, म्हणून कॉलेजच्या पातळीचा एखादा कोर्स आत्ताच करून त्याची परीक्षा द्यायची म्हणते: अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची एपी, नाहीतर आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांची एनपीटीईएल. केसीईटी (कर्नाटकातली इंजिनिअरिंग वगैरेंची प्रवेश परीक्षा) देणार हे नक्की, परदेशाचं ठरलेलं नाही. काय निवडावं?

शहापूर_गणित
केसीईटीची रँक पीयूसी आणि सीईटीच्या गुणांवर निम्मी-निम्मी ठरते, तिथं एपी धरत नाहीत. एपी मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी. गुण 1 ते 5, आणि किती गुणांना क्रेडिट द्यायचं, म्हणजे तो कोर्स झालेला धरायचा, ते ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. परदेश नक्की नसेल तर एनपीटीईएलच घ्या. वयाची अट नाही, शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेची.

12 आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंट धरतात. त्यांचे 25 गुण, परीक्षेचे 75. असाइनमेंटमध्ये 10 आणि परीक्षेत 30 हे दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात, एकाची कसर दुसऱ्यानं भरून निघत नाही. मुलं अडकतात ती दोन ठिकाणी: असाइनमेंटची तारीख हुकते, आणि कोर्सला नाव घातलं की परीक्षेलाही लागलं असं समजतात. परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी जानेवारीचं सत्र नकोच, त्याची परीक्षा केसीईटीच्या तोंडावर येते. जुलैचं घ्या.

खानापूर_रोड
एपीचाच विचार असेल तर कॅल्क्युलस एबी (एबी आणि बीसी या दोन परीक्षांपैकी कमी अभ्यासक्रमाची), आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात. पीयूसीत पहिल्या वर्षी डेरिव्हेटिव्हची नुसती ओळख होते, बाकीचे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल दुसऱ्या वर्षालाच येतात, त्याआधी ही परीक्षा देणं म्हणजे बहुतेक सगळं स्वतः शिकणं. नीटही देणार असेल तर मात्र मेच्या सुरुवातीला दोन्हींची गर्दी होते.

पीयूसीचा अभ्यास पुरेल असं धरू नका. स्लोप फील्ड, रीमान सम, फिरवून होणाऱ्या आकाराचं घनफळ हे वेगळं करावं लागतं. उलट इंटिग्रेशन बाय पार्ट्स एबीत नाही, त्यावर वेळ घालवायचं कारण नाही. 45 बहुपर्यायी प्रश्न, 6 लेखी, दोन्हींचं वजन सारखं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही रिकामा सोडू नये.

आपली मुलं गुण घालवतात ती लेखी भागात. गणित बरोबर येतं, पण फंक्शन तिथं कमाल का आहे, मीन व्हॅल्यू थिअरम लावण्याआधी फंक्शन सलग आहे का, हे इंग्रजीत एका वाक्यात लिहीत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीकडून अशी वाक्यं आत्तापासून लिहून घ्या, व्याकरण साधं असलं तरी चालतं. दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत, आणि मधल्या पायरीत राउंड करायचं नाही. 2025 पासून बहुपर्यायी भाग ब्लूबुक ॲपवर होतो आणि लेखी भागाची उत्तरं कागदावर लिहायची असतात. ॲपमध्ये डेसमॉस कॅल्क्युलेटर असतो, त्याचा सराव हवाच, कारण पीयूसीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो.

टिळकवाडी_पालक
एबीचं केंद्र कुठं मिळेल?

खानापूर_रोड
पुणे किंवा बेंगळुरू धरून चला. बाहेरचे विद्यार्थी घेणाऱ्या शाळेला आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच विचारा, नोव्हेंबरनंतर उशिराचा आकार पडतो. पेपर सकाळचा असेल तर बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं त्याच पहाटे बेंगळुरूला उतरायचा बेत नको, आदल्या दिवशी पोचा.

शहापूर_गणित
आणखी एक, ताई. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, ते बघून घ्या. आधार आणि पासपोर्टवर वेगळं असेल तर अर्ज भरण्याआधी दुरुस्त करा.