प्रतिसाद: चिनी तिकिटांवरचे छाप
जुन्या चिनी टपाल तिकिटांवर नंतर वरून मारलेला आकडा (छाप) जितका मोठा तितकं तिकीट संग्राहकांत महाग, असं इथल्या चर्चेत म्हटलंय, ते काही पटलं नाही. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांच्या चित्राची ती मोठ्या आकड्यांची तिकिटं महागाईच्या काळातली. ऑगस्ट 1948 मध्ये गोल्ड युआन हे नवं चलन आलं आणि जुना साठा नवे आकडे मारून खपवला. त्यातली बहुतेक आजही ढिगाने मिळतात. भाव आहे तो 1897 च्या लाल महसूल तिकिटांना (छाप मारून टपालासाठी वापरलेल्या), म्हणून नकलाही त्यांच्याच.

सी.ई.एफ. (चायना एक्स्पिडिशनरी फोर्स) या छापाचा विषय मात्र कुणी काढला नाही. 1900 मध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी चीनला गेलेल्या हिंदुस्थानी फौजेसाठी व्हिक्टोरिया राणीच्या आपल्याकडच्याच तिकिटांवर ही अक्षरं मारली. भिंगाखाली धरा: अक्षरांची शाई टपालाच्या शिक्क्यावर चढलेली दिसली, तर छाप बनावट. काळ्यावर काळं असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, विकणाऱ्याकडे तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मागा.