मदत हवी आहे : इंग्लंडमध्ये परमनंट घ्यावं की कॉन्ट्रॅक्ट?

नमस्कार मंडळी,

सध्या सोलापुरात घरी आहे, जुळे सोलापूरला. शुक्रवारपर्यंत दोन ठिकाणी उत्तर द्यायचंय आणि डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

बायको लेस्टरला नर्स आहे. व्हिसा तिचा, मी डिपेंडंट. त्यामुळे मला कुठल्या कंपनीची स्पॉन्सरशिप लागत नाही. नोकरी करा नाहीतर स्वतःचं काम, दोन्ही चालतं. ज्यांचा स्वतःचा स्किल्ड वर्कर व्हिसा आहे त्यांनी हे वाचून उड्या मारू नयेत, तुमचा व्हिसा मालकाला बांधलेला असतो. मी जावा प्रोग्रामर, ११ वर्षं अनुभव. डिसेंबरात आमची अख्खी टीम बंद झाली, म्हणून बऱ्याच वर्षांनी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला यायला मिळालं. तेवढंच काय ते चांगलं झालं.

आता हातात दोन गोष्टी आहेत. एक बर्मिंगहॅमची परमनंट नोकरी : ५८,००० पौंड, २५ सुट्ट्या, वर बँक हॉलिडे. दुसरं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट : दिवसाला ४२५ पौंड, इनसाइड आयआर ३५ (म्हणजे कर नोकरदारासारखाच कापला जातो), अंब्रेला कंपनीमार्फत (कागदोपत्री मालक ती, पगार ती देते), नोटीस एक आठवडा. वर्षाचे २२० दिवस धरले तर ९३,५०० होतात. आकडा बघून तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू.

अप्पांना विचारायची चूक केली. ते गिरणीत परमनंट होते. गिरणी बंद पडली, देणी मिळायला वर्षं गेली आणि पुढची वीस वर्षं त्यांनी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात काढली; जेवढा माल तेवढी मजुरी, लाईट गेली की मजुरीही गेली. मला वाटलं, हा माणूस म्हणेल परमनंटवर भरवसा ठेवू नको. तर नाही. “परमनंटच घे. पगारी सुट्टी असते.” दोन्ही भोगलेल्या माणसाशी वाद काय घालणार?

पण खरं कारण पैसा नाहीच. अप्पांचे दोन्ही गुडघे गेलेत. यंदा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक त्यांनी घरात बसून टीव्हीवर बघितली. मे महिन्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. आई एकटी आहे. २५ सुट्ट्यांत हे बसत नाही. कॉन्ट्रॅक्ट घेतलं तर दोन कामांच्या मध्ये दोन-दोन महिने इथे राहता येईल असा माझा हिशेब.

तर विचारायचं ते असं : ९३,५०० मधले हातात किती येतात? आणि मधली गॅप अशी ठरवून घेता येते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद – मुक्काम रेडिंग

सात वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करतोय, त्यातली पाच इनसाइड. पहिली गोष्ट, ४२५ हा तुमचा पगार नव्हे. तो अंब्रेलाला मिळणारा पैसा. त्यातून आधी मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याचा हप्ता) जातो, एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५,००० च्या वरच्या पगारावर १५ टक्के. मग ०.५ टक्के अप्रेंटिसशिप लेव्ही (हाही मालकावरचा सरकारी कर), अंब्रेलाचं मार्जिन म्हणजे तिची फी, मालकाच्या वाट्याचं पेन्शन. म्हणजे मालकही तुम्हीच आणि गडीही तुम्हीच. ९३,५०० चे ७९-८० हजार उरले की तो तुमचा ग्रॉस. त्यातही ५०,२७० च्या वरच्या भागावर ४० टक्के कर. तुमच्या वाट्याचं पेन्शन कापायच्या आधी हातात साडेछप्पन्न हजारांच्या आसपास. ५८ हजारांच्या नोकरीत चव्वेचाळीस. फरक साडेबारा हजार.

आता गॅपकडे या. काम नसलेला प्रत्येक महिना हातातले चारेक हजार खातो. तीन महिने घरी बसलात की दोन्ही पारडी सारखी. तुम्ही तर वर्षात चार महिने म्हणताय.

सुट्टीचा पगारही वेगळा मिळत नाही. १२.०७ टक्के तुमच्याच पैशातून बाजूला काढून तुम्हालाच देतात. आणि कोणी अंब्रेला ‘८५ टक्के हातात’ म्हणाली तर फोन ठेवून द्या. बहुधा पगाराचा मोठा भाग कर्ज म्हणून दाखवायचा धंदा असतो. करखातं नंतर तुम्हालाही धरतं.

प्रतिसाद – शेंगाचटणी

काय बे, सोलापूरचा असून एवढा विचार? मी लीड्सला असतो. गॅप ठरवून मिळत नाही रे. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार होतं, ते ऑगस्टपर्यंत वाढवत नेलं, आणि बहिणीच्या लग्नाला मी चार दिवस आलो. नंतर गॅप आली ती नोव्हेंबरात, कुणाचंच काही नसताना.

परमनंटवाल्यांनाच विचार की मेमध्ये सहा आठवडे बिनपगारी देता का. सही करायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. माझ्या मित्राला दिले.

दुसरं, ब्रिटनबाहेरचे दिवस मोजत जा. कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलास तर पुढे कायम वास्तव्याच्या अर्जाला अडचण. हे डिपेंडंटलाही लागू आहे, आणि डिसेंबरपासूनचे दिवस धर त्यात.

धागाकर्ता

दोघांचे आभार. १८० दिवसांचं डोक्यातच नव्हतं. आत्ता पासपोर्ट काढून शिक्क्यांवरून दिवस मोजले, ३७ झालेत.

कॉन्ट्रॅक्टवाल्या एजंटला फोन करून विचारलं की ४२५ मध्ये मालकाचा इन्शुरन्स धरलाय की वर आहे. तो म्हणाला, “चांगला प्रश्न आहे,” आणि मग म्हणाला, मीटिंग आहे. बर्मिंगहॅमला मेल टाकलाय : मे महिन्यात सहा आठवडे, चार बिनपगारी, दोन माझ्या सुट्टीतले. उत्तर आलं की इथेच लिहितो. अप्पांना अजून सांगितलेलं नाही, ते लगेच शेजाऱ्यांना सांगतात.