जावा: आकडे तेच, क्रम तोच, तरी दोन अ‍ॅरे 'वेगळे'?

सेमीकोलन:
कॉनवेचा 'लाइफ' लिहितोय (चौकटींच्या जाळीतल्या पेशी ठरावीक नियमांनी पिढीगणिक जगतात-मरतात, तो खेळ). नवी पिढी जुनीसारखीच निघाली की लूप थांबवायचा. दोन्ही ग्रिड इंट[][], म्हणजे आकड्यांच्या ओळींचा अ‍ॅरे (क्रमाने साठवलेली यादी). == लावलं, फॉल्स. इक्वल्स, फॉल्स. शोधून अ‍ॅरेज.इक्वल्स लावलं, तरी फॉल्स! प्रिंट केल्या तर हुबेहूब. कंपायलर चकार शब्द काढत नाही. टाइपच्या बाबतीत एवढा काटेकोर, मग हे कसं खपवून घेतो?

जुना_खोडकर:
अ‍ॅरेवर == म्हणजे 'हा तोच ऑब्जेक्ट का' एवढंच. अ‍ॅरेला स्वतःचं इक्वल्स नाही, ऑब्जेक्ट क्लासचं वारशात मिळतं, तेही हेच बघतं. अ‍ॅरेज.इक्वल्स आत शिरतं, पण एकच पातळी. तुझ्या ग्रिडची प्रत्येक ओळ म्हणजे पुन्हा अ‍ॅरे, आणि ओळींना परत तेच वारशातलं इक्वल्स लागतं. अ‍ॅरेज.डीपइक्वल्स वापर, जावा ५ पासून आहे.

कंपायलरवर कशाला चिडतोस? इंट[][] हा ऑब्जेक्ट[] म्हणूनही चालतो, म्हणून अ‍ॅरेज.इक्वल्सचं ऑब्जेक्ट[] घेणारं रूप (ओव्हरलोड) तो निमूट उचलतो. टाइप जुळला की त्याचं काम संपलं.

गोफण:
गो भाषेत ठरावीक लांबीच्या अ‍ॅरेवर == घटकच तपासतं. दोन स्लाइसवर (लांबी ठरलेली नसलेल्या यादीवर) लावून बघा, कंपाइलच होत नाही. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे बरं.

सेमीकोलन:
डीपइक्वल्सने जमलं! पण ब्लिंकर (आडवा-उभा होत राहणारा तीन पेशींचा आकार) दर दोन पिढ्यांनी परत तसाच येतो, त्यामुळे लूप थांबतच नाही. म्हणून सगळ्या पिढ्या हॅशसेट या संचात टाकल्या, तर 'ही आधी आलीय का' विचारणारं कंटेन्स कायम फॉल्स.

जुना_खोडकर:
दुखणं तेच. अ‍ॅरेचा हॅशकोडसुद्धा (हॅशसेट ज्यावरून शोधतो तो आकडा) आतल्या आकड्यांवरून निघत नाही. कोणी रेकॉर्डमध्ये (इक्वल्स आयतं देणारा जावाचा छोटा डेटा-क्लास) गुंडाळ म्हणेल, ऐकू नकोस. रेकॉर्डला आयतं मिळणारं इक्वल्स आतल्या अ‍ॅरेला पुन्हा तसंच तपासतं. छोटा क्लास लिही: इक्वल्समध्ये डीपइक्वल्स, हॅशकोडमध्ये अ‍ॅरेज.डीपहॅशकोड. आणि सेटमध्ये टाकण्याआधी एकेका ओळीची प्रत काढ. ग्रिडवर नुसतं क्लोन केलंस तर बाहेरचा अ‍ॅरे नवा होतो, ओळी त्याच राहतात. पुढच्या पिढीने त्या बदलल्या की सेटमधलीही ग्रिड बदलली, मग बस शोधत.

अवांतर: पुढेमागे डबल (दशांश आकडे) घेतलेस तर सांभाळ. == ला नॅन ('हा आकडाच नाही' दाखवणारी किंमत) स्वतःशीही जुळत नाही, अ‍ॅरेज.इक्वल्सला जुळतो. ०.० आणि -०.० चं नेमकं उलटं.