महिला रविवारी बाईनं पुलपिटवरून संदेश दिला तर चालतं का?

जालन्याची_टीचर
सगळ्यांना सलाम. जरा लांबड लावायले, सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिला रविवार आहे. दरवर्षी काय होतं, बायका गाणी बसवतात, एकसारख्या साड्या घेतात, शास्त्रवाचन करतात, शंभर माणसांचा पुलाव करतात आणि संदेश (प्रवचन) द्यायला मात्र बाहेरगावचे पाळक (पास्टर) बोलावतात, म्हंजे बायकांच्या रविवारी पण बोलणार पुरुषच. यंदा महिला मंडळानं ठरवलं की आपल्यातलीच कुणीतरी बोलंल आणि माझं नाव टाकलं, शाळेत शिकवते त्यामुळं हिला बोलायची सवय आहे म्हणून. तर कमिटीतले एक काका म्हणायलेत, बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल यानं साफ लिहिलंय बायकांनी मंडळीत गप्प राहावं, तुला बोलायचं तर खाली उभी राहून साक्ष दे, आपला अनुभव सांग, वर चढू नको.

आमचं पुलपिट, म्हंजे संदेश द्यायची उंच जागा, तीन पायऱ्यांचं. लाकडी आहे, मधल्या पायरीवर पाय दिला की करकर वाजतं. दर शनिवारी त्या पायऱ्या पुसतं कोण, तर माझी आई आणि दोन मावश्या. फडकं घेऊन वर गेलेलं चालतं, तेव्हा पौल आडवा येत नाही.

माझी आजी बायबल बाई होती, घरोघरी जाऊन बायबल सांगायची. काळ्या कापडाची पिशवी, त्यात नवा करार आणि गाण्याचं पुस्तक, आणि पायी खेड्याखेड्यांत. ती तिथं गप्प बसत होती का? मला भांडायचं नाही, पण काकांना उत्तर द्यायचंय. इतिहासात बायका नेमकं काय करत होत्या, कुणी नीट सांगंल का?

परभणीकर_७८
सलाम ताई. काका म्हणतात ते वचन आहे, १ करिंथ १४:३४, पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र. नाही म्हणू नका, तिथंच हराल. पण त्याच पत्रात तीन अध्याय आधी, ११:५ ला, पौल म्हणतो की बाईनं प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं. आता गप्पच बसायचं होतं तर डोकं झाकून बोलायचा नियम कामून केला असता? पदर घ्या म्हणला म्हंजे बायका बोलत होत्या. १४ वा अध्याय सभेतल्या गोंधळाबद्दल आहे, सगळे एकाच वेळी बोलायले, कुणाचं कुणाला समजंना, म्हणून तो तिथं फक्त बायकांना नाही तर अजून दोन जणांना पण गप्प करतो, ते वाचून बघा.

दुसरं म्हंजे रोमकरांस १६, पौलाचं रोमच्या मंडळीला पत्र. हा अध्याय कुणी वाचत नाही, नुसती नावांची यादी म्हणून. त्यात आठदहा तरी बायका आहेत. पहिलीच फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, पौल स्वतःबद्दल वापरतो तोच. रोमला ते पत्र हातात घेऊन गेली ती पण फिबीच असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, म्हंजे अख्ख्या नव्या करारातलं सगळ्यात जड पत्र एका बाईच्या पिशवीतून गेलं (तुमच्या आजीची पिशवी वाचली आणि हेच आठवलं). मग प्रिस्का, तिचं नाव नवऱ्याच्या आधी. मग युनिया, प्रेषितांमध्ये नावाजलेली. चौथ्या शतकात ख्रिसोस्तोम नावाच्या बिशपनं तिला बाई समजूनच वाखाणलं होतं, नंतरच्या काळात लोकांना ते पचंना म्हणून तिचा युनियास नावाचा पुरुष करून टाकला. गंमत सांगायलो असं वाटंल, पण खरंय.

आणि पुनरुत्थान? चारी शुभवर्तमानांत कबरेपाशी आधी पोचल्या त्या बायका. मग्दालीया मरीयेला प्रभूनं सांगितलं, जा आणि भावांना सांग. ती पण खालूनच साक्ष देणार होती का?

अंबडची_मावशी
बाळा मला टायपिंग नीट येत नाही, नातू बसलाय शेजारी, मी बोलायले आणि तो लिहायला.

तुझ्या आजीसारख्या बायका मी पाहिल्यात. माझी चुलत सासू बायबल बाईच होती. त्या काळात पाळकाला वाड्यात आत कोण घेणार, पुरुष माणूस तो, ओसरीवरून परत. बाई मात्र चुलीपर्यंत जायची. लेकरू आजारी असलं तर बघायची, टाका घालायला शिकवायची, अक्षर गिरवून घ्यायची आणि जाताना एखादी गोष्ट सांगायची. सगळ्या घरांत पाणी मिळत नव्हतं तिला, आपली जात काय होती ते गावाला ठाऊक होतं, पाटी बदलली म्हणून माणसं थोडीच विसरतात. ती स्वतःचा पितळी तांब्या सोबत ठेवायची. मिशनच्या वहीत तिचा पगार होता, पाळकापेक्षा लई कमी. पण आमच्या तीन गावांत मंडळी उभी राहिली ती तिच्या पायानं. बेथेल, ती जालन्याजवळची ख्रिस्ती वस्ती, म्हणलं की सगळे नारायण शेषाद्रींचं नाव घेतात, घ्यावंच, मोठा माणूस, निजामाच्या राज्यात जमीन मिळवून वस्ती वसवली. पण त्या वस्तीतल्या बायकांची नावं विचार कुणाला, सांगता येत नाहीत.

पंडिता रमाबाईंचं सांग की काकांना. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलेलं मुकाट मान्य केलं का, तर नाही, पत्रांतून वाद घातला. दुष्काळात पोरी, विधवा गोळा करून केडगावला आणल्या. आणि हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ ला वारल्या, पुस्तक १९२४ ला निघालं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या पण त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच. बाईनं केलेलं भाषांतर चालतं आणि बाईनं ते वाचून समजावलेलं चालत नाही, हे कसलं गणित.

पदर मात्र घे. पौलासाठी नाही, म्हाताऱ्या बायांना बरं वाटतं म्हणून.

सरळमार्गी_बीड
माझं मत वेगळं आहे, राग नका मानू. सोयीचं वचन घ्यायचं आणि अडचणीचं त्या काळापुरतं होतं म्हणून सोडायचं, हे मला पटत नाही. १ तीमथ्य २:१२ चं काय करणार? बाईनं शिकवू नये असं सरळ लिहिलंय. बायकांची सेवा मोठी आहे, माझ्या आईनंच मला प्रार्थना शिकवली. पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

परभणीकर_७८
भाऊ, वचन आहे, मान्य. पण तीमथ्य म्हंजे पौलाचा तरुण सोबती, त्यालाच पौल लिहितो की तुझा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, म्हंजे त्याला तयार केलं बायकांनीच. आणि अपुल्लो, एवढा विद्वान वक्ता, त्याला बाजूला घेऊन मार्ग नीट समजावणारी प्रिस्किल्ला (वरची प्रिस्का तीच) आणि तिचा नवरा, प्रेषितांची कृत्ये १८. घरात समजावलं म्हणून ते शिकवणं नव्हतं असं म्हणणार असाल तर तेव्हा बहुतेक मंडळ्या घरातच भरत होत्या हो. तुमच्या आईनं तुम्हाला शिकवलं ते पण तुम्ही आत्ताच लिहिलंय.

छावणीची_मेरी
मी कॅथलिक, संभाजीनगर. आमच्यात हा वाद नाही म्हणजे प्रश्नच बंद आहे, बाई धर्मगुरू होणार नाही असं पोपनी १९९४ ला पुन्हा लिहून ठेवलंय. पण शास्त्रवाचन आम्ही अल्तारापाशी उभं राहूनच करतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. मग्दालीया मरीयेबद्दल थोडं. इसवी सन ५९१ ला पोप ग्रेगरींनी तिला लूकच्या ७ व्या अध्यायातली पापी बाई ठरवलं आणि पुढं शेकडो वर्षं ती तशीच चित्रांत रडत बसली, ती पापी बाई हीच असं बायबलमध्ये कुठंच नाही. २०१६ ला पोप फ्रान्सिसनी २२ जुलैच्या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या बरोबरीचा मान दिला. म्हणजे चूक सुधारायला एवढी वर्षं लागली, तुमच्या कमिटीला एक महिना देऊन बघा 😄

सेलूची_शेजारीण
मी हिंदू आहे, विषय सोडून विचारते, चालत नसेल तर उडवा. माझी मैत्रीण ख्रिश्चन आहे, मंगळसूत्र घालते, त्यात क्रॉस आहे, कुंकू लावत नाही. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, दरवर्षी घोळ होतो.

अंबडची_मावशी
बोलव की. कुंकू लावू नको, तिळगूळ आणि वाण दे. नाही बोलवलं तर जास्त लागतं मनाला. आणि नाताळात तिच्या करंज्या हक्कानं माग.

जालन्याची_टीचर
सगळ्यांचे आभार, सगळं वहीत लिहून घेतलं. काल मीटिंग झाली. मी वाद घातलाच नाही. म्हणलं काका, संदेशाचं तुम्ही नंतर ठरवा, पण त्या दिवशी एक तरी शास्त्रवाचन पुरुषानं करावं असं महिला मंडळाचं म्हणणं आहे, तर ते तुम्हीच करा. खूश झाले. कुठलं विचारलं, तर सांगितलं रोमकरांस १६, एक ते सोळा.

आज सकाळी घरी आले, बायबल काखेत, चष्मा कपाळावर. आईनं चहा ठेवला. ओट्याजवळ उभं राहून अर्धा तास आईकडून नावं म्हणून घेत होते, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस. त्रुफासावर तीनदा अडकले. मग मधेच थांबले आणि आईला म्हणाले, "हे सलाम सांगा, सलाम सांगा, सगळं बायांनाच चाललंय की गं."

आई म्हणली, "पुढं वाचा."

पुलपिटचं अजून काही बोलले नाहीत. मी संदेश लिहायला घेतलाय.