निकालाआधीचा अंदाज लिहिणे का आवश्यक आहे

आपल्या निर्णयांची वही ठेवताना निर्णय आणि त्याचा परिणाम एवढेच लिहिले तरी पुरे, हे मत मला अपुरे वाटते. १९७२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीन व रशिया दौऱ्यांपूर्वी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांकडून संभाव्य घटनांची शक्यता टक्क्यांत लिहून घेतली होती. नंतर तेच आकडे आठवायला सांगितले असता, जे घडले त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असे बऱ्याच जणांना वाटू लागले होते. स्मृती अशी नकळत सारवासारव करते. म्हणून नोकरी बदलताना, राजीनामा देण्यापूर्वीच तारीख, नाकारलेले पर्याय आणि ‘वर्षभरात पगारवाढीची शक्यता ७० टक्के’ असा स्पष्ट आकडा शाईने लिहावा. त्या दिवशीची मनःस्थितीही अवश्य नोंदवावी. घाईने घेतलेल्या निर्णयाचे मूळ बहुधा तिथेच सापडते.