खुबा बदलताना कुठला सांधा बसवला आणि का? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती
गुडघे बदललेली माणसं आता प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी असतात, त्यामुळे गुडघ्याबद्दल विचारलं की सांगणारे भरपूर. खुब्याबद्दल मात्र नीट माहिती असलेलं माणूस शोधावं लागतं. माझ्या आईच्या उजव्या खुब्याची पूर्ण झीज झालीये, वय ६८, ऑपरेशन ठरलंय आणि सर्जननी सिमेंटेड की अनसिमेंटेड, सिरॅमिक बॉल घ्यायचा का वगैरे विचारलं. निर्णय डॉक्टरांचाच असणार, पण आपल्या माणसाच्या शरीरात जन्मभरासाठी काय बसणारे ते आपल्याला कळायला नको का?

मला आतापर्यंत समजलंय ते असं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळा आणि वाटी दोन्ही बदलले की टोटल हिप. वाटी चांगली असेल आणि फक्त गोळा बदलला तर हेमी, त्यातलाच बायपोलर आपल्याकडे जास्त ऐकू येतो. तिसरा प्रकार रिसर्फेसिंग, त्यात गोळा कापून काढत नाहीत, तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि वाटीतही धातूचं अस्तर. शिवाय सांधा हाडात पक्का कसा करायचा (सिमेंटने की हाड वाढून) आणि एकमेकांवर घासणारे दोन भाग कशाचे, हे दोन प्रश्न वेगळेच.

लिहिताना कृपया एवढं सांगा की खुबा कशामुळे गेला, वय काय होतं, कुठला प्रकार बसवला आणि डॉक्टरांनी तोच का निवडला. खर्च, हॉस्पिटलची नावं नकोत.

सोलापूरची सून
आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पहाटे बाथरूमला जाताना पडल्या आणि खुबा मोडला. पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता, उचलायला गेलं की किंचाळायच्या. नातेवाईक सगळे एकच म्हणत होते, या वयात कशाला कापाकापी, झोपून राहतील बिचाऱ्या. पण ऑर्थोच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं की या वयात ऑपरेशनपेक्षा अंथरुणाची भीती जास्त, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते, म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. बीपी आणि सोडियम जाग्यावर आणून कमरेत इंजेक्शन देऊन केलं.

बसवला सिमेंटेड बायपोलर. कारण असं सांगितलं की त्यांची वाटी चांगली होती, मोडलं होतं ते गोळ्याखालचं हाड, आणि नुसता गोळा बदलला की ऑपरेशन लवकर आटपतं, सांधा निखळायची भीतीही टोटलपेक्षा कमी. सिमेंट का तर हाडं ठिसूळ, सिमेंटने लगेच पक्कं बसतं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या केल्या हो! आता घरातल्या घरात काठीने फिरतात, देवपूजा खुर्चीत बसून करतात. हाडं ठिसूळ आहेत त्याचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू आहे, ते कोणी विसरू नका, कारण एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडायची शक्यता असतेच. बाथरूममध्ये दांडे आणि रात्रीचा दिवा तर आजच लावून घ्या, पडायची वाट कशाला बघायची.

पुण्याचा आयटीवाला
वय ३६. कोविडमध्ये ऑक्सिजन खाली गेल्यामुळे स्टिरॉइड द्यावी लागली, त्यांनीच वाचवलं त्यामुळे तक्रार काही नाही. काही महिन्यांनी डावा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याचा एक्सरे स्वच्छ, गोळ्या, शेक, सगळं झालं. मग जांघेत कळ यायला लागली, बूट घालताना पाय वर घेता येईना, तेव्हा एका डॉक्टरांनी पाय आतबाहेर फिरवून बघितला आणि गुडघा सोडून खुब्याचा एमआरआय सांगितला. निघालं एव्हीएन, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन हाड आतून मरत जातं. दोन्ही बाजूंना होतं. हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं आणि सुरुवातीला साध्या एक्सरेमध्ये एव्हीएन दिसतही नाही. स्टिरॉइड किंवा जास्त दारूचा इतिहास असेल आणि जांघेत दुखत असेल तर एमआरआयचं विचाराच.

उजवीकडे गोळा अजून गोल होता, तिथे कोअर डीकॉम्प्रेशन केलं, म्हणजे हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात, सांधा आपलाच राहतो. डावा गोळा चपटा झालेला, तिथे टोटल हिप, अनसिमेंटेड. टायटॅनियमचा खरखरीत स्टेम (मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा) हाडात घट्ट ठोकून बसवतात आणि पुढे काही आठवड्यांत हाड त्या पृष्ठभागात वाढून त्याला धरून ठेवतं. तरुण, चांगल्या हाडाच्या माणसाला हे बरं पडतं. माझा बॉल सिरॅमिकचा (गुलाबी रंगाचा असतो, खरंच!) आणि लायनर, म्हणजे वाटीतलं अस्तर, हायली क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिनचा (कमी झिजणारं प्लास्टिक, थोडक्यात पॉली). सिरॅमिकवर सिरॅमिकही मिळत होतं, झीज सगळ्यात कमी, पण क्वचित चालताना करकर आवाज येतो आणि अगदी क्वचित तडा जातो. सर्जन म्हणाले नव्या पॉलीची झीज इतकी कमी झालीये की तुझ्यासाठी हेच करू. मला पटलं. सिंहगड पायथ्यापासून चढून आलोय, पळणं मात्र डॉक्टरांनी बंदच केलंय.

चंद्रपूरहून एक भाऊ
माझ्या लहान बहिणीला सिकलसेल आहे. विदर्भात आमच्यासारखी घरं किती आहेत ते इकडच्या लोकांना सांगायला नको. तिच्या खुब्याचं एव्हीएन सिकलसेलमुळेच, विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून रक्त पोचत नाही. विशीतच लंगडायला लागली. गावात लोक म्हणायचे लग्न करून टाका मग बघू. आम्ही नाही ऐकलं.

सिकलसेलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ऑपरेशन जिथं कराल तिथं रक्ताचे डॉक्टर आणि रक्तपेढी दोन्ही पाहिजे. बहिणीला आधी रक्त चढवलं, सलाईन आधीपासून, थिएटरमध्ये थंडी लागू नये म्हणून गरम पांघरूण, ऑक्सिजनवर सतत लक्ष, कारण पाणी कमी पडलं किंवा गारठा लागला तरी क्रायसिस, म्हणजे पेशी अडकून जोराच्या कळा, येऊ शकतो. हाडही वेगळं असतं, आतली पोकळी जागोजागी भरून कडक झालेली, स्टेम बसवायला सर्जनला खूप वेळ लागला, इन्फेक्शनची भीतीही जास्त. हे सगळं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं त्यामुळे आम्ही तयार होतो. अनसिमेंटेड टोटल बसवला. पुढे कधीतरी परत बदलावा लागेल हे तिला माहीत आहे. सध्या ती अंगणवाडीत नोकरीला जाते, स्वतःच्या पायाने.

लँकशायरची काकू
मी इंग्लंडात लँकशायरमध्ये राहते, आणि आजचा टोटल हिप ज्या पद्धतीवर उभा आहे ती इथेच, राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये जॉन चार्नली यांनी तयार केली. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती झिजून बाद झाली, रुग्णांना परत ऑपरेशनं करावी लागली, आणि मग १९६२ पासून दणकट पॉलिथिलिनची वाटी, लहान धातूचा गोळा आणि हाडाचं सिमेंट असं जमवलं. सिमेंट म्हटलं की चिकटवण्याचा गोंद वाटतो पण तो चिकटवत नाही, फरशीखालच्या मालासारखा मधली फट भरून धरून ठेवतो.

माझी वाटी जन्मतःच उथळ होती, आपल्याकडे लहानपणी कोणाच्या लक्षात आलं नाही, साठीत पूर्ण झिजली. मला हायब्रिड बसवलंय, म्हणजे वाटी अनसिमेंटेड आणि मांडीतला स्टेम सिमेंटेड. इथे प्रत्येक सांध्याची नोंद राष्ट्रीय रजिस्ट्रीत होते, २००३ पासून. त्यामुळे कुठलं मॉडेल किती वर्षं टिकतं ते आकड्यांत दिसतं, आणि मी सर्जनला सरळ विचारलं की माझ्या मॉडेलचं रेटिंग काय. अजिबात रागावले नाहीत, उलट छापील कागद दिला. ऑपरेशनच्या आधी घरातल्या खुर्चीची, पलंगाची उंची मोजून घेतली आणि कमोडवर ठेवायची उंच सीट घरपोच दिली.

'दहा वर्षांनी परत करावं लागतं' असं जो तो सांगतो म्हणून लिहिते. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षांनंतरही साधारण ५८ टक्के खुबे टिकून होते, आणि ते जुन्या काळचे सांधे.

धागाकर्ती
काकू, रेटिंगचं आम्हाला सुचलंच नसतं. सर्जनना विचारते. सिमेंट म्हटल्यावर आई घाबरली होती, तिला तुमचं वाचून दाखवलं.

ठाणेकर, आधी बॅडमिंटन आता पोहणं
माझं २०१० च्या आधीचं, मेटल-ऑन-मेटल, म्हणजे गोळाही धातूचा वाटीही धातूची. तेव्हा तरुण खेळाडूंना हेच सांगायचे, गोळा मोठा त्यामुळे निखळत नाही, झिजत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये अशा प्रकारचं एक मॉडेल जगभरातून परत मागवलं गेलं. मी फाईल काढून स्टिकर तपासलं, माझं मॉडेल वेगळं होतं, तरी डॉक्टरांनी रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासत राहायला सांगितलं. धातू धातूवर घासून बारीक कण सुटतात आणि काही जणांच्या सांध्याभोवतीचं मांस त्याने खराब होतं. माझे आकडे पुढे वाढले, एमआरआयमध्ये पाणी साठलेलं दिसलं, आणि रिव्हिजन, म्हणजे बसवलेला सांधा काढून दुसरा बसवणं, करावं लागलं. रिव्हिजन हे पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन, हाड आधीच कमी झालेलं असतं.

म्हणून हात जोडून सांगतो, ऑपरेशननंतर फाईलमध्ये सांध्याची स्टिकर लावलेली असतात, कंपनी, मॉडेल, साइझ, लॉट नंबर. त्याचे फोटो काढून घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवा. वीस वर्षांनी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या सर्जनला पहिलं तेच लागणार आहे.

रिसर्फेसिंग वाईटच असं मात्र म्हणणार नाही. टेनिसपटू अँडी मरेने जानेवारी २०१९ मध्ये ते करून घेतलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची सिंगल्स जिंकली. पण ते तरुण, मोठ्या हाडाच्या पुरुषांना, ते करण्यात हात बसलेल्या सर्जनकडेच. बायकांचा गोळा लहान असतो, त्यांच्यात त्याचे निकाल चांगले आले नाहीत.

फिजिओ ताई
रोज हे पेशंट बघते म्हणून थोडं लिहिते. ऑपरेशन कुठल्या बाजूने झालं ते सर्जनकडून नक्की विचारून घ्या, कारण पथ्य त्यावर आहे. मागून केलं असेल (आपल्याकडे बरेचदा हेच) तर सुरुवातीचे सहा आठवडे ते तीन महिने गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. म्हणजे खाली वाकून चप्पल उचलणं बंद, बुटका सोफा बंद, भारतीय संडास बंद. कुशीवर झोपताना पायांत जाड उशी. पुढून केलं असेल तर पथ्य उलट, पाय मागे ताणून बाहेर वळवायचा नाही. शेजारच्या काकांचं पथ्य तुमच्या आईला लावू नका.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पोटऱ्या दिवसभर वरखाली हलवत राहा, गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शनं किंवा गोळ्या मध्येच सोडू नका. पोटरी एकदम सुजली, दुखली किंवा दम लागला तर लगेच हॉस्पिटल.

सगळ्यात जास्त विचारतात ते मांडी घालण्याबद्दल. सत्यनारायणाला बसायचंय, पंगतीत जेवायचंय. काही जणांना पुढे सर्जन परवानगी देतात, पण ते सांधा कसा बसलाय आणि स्नायू किती भरलेत यावर आहे, स्वतःहून करून बघायचं नाही. खुर्चीवर बसून पूजा केली तर काही बिघडत नाही, हे मी घरच्या मोठ्यांनाही सांगते. तरुण मुली दबक्या आवाजात विचारतात म्हणून इथेच लिहिते, नवरा-बायकोचे संबंध साधारण सहा-आठ आठवड्यांनी, सर्जनना विचारून, पथ्यातली पोझिशन टाळून ठेवता येतात, आणि खुबा बदललेल्या बाईची नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते.

कोल्हापूरचा बँकवाला
अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आणि सांधे आखडत जाणारा आजार), दोन्ही खुबे जाम झालेले, खुर्चीवर सरळ बसताच यायचं नाही, काउंटरला उभ्याने काम करायचो. मणका जुळून आल्यामुळे कमरेत इंजेक्शन जमेना आणि मानही वाकत नव्हती, म्हणून भुलीच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याच्या नळीने श्वासाची नळी घातली. अशा पेशंटनी भुलीच्या डॉक्टरांना आधीच भेटावं. दोन्ही टोटल, अनसिमेंटेड. आता बसतो. एवढंच लिहितो, पण ते बसणं काय असतं ते आम्हालाच माहीत.

साताऱ्याची लेक
खर्चाचं नको म्हणालात तरी एक सांगते. २०१७ मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली ती गुडघ्याच्या सांध्यांना, खुब्यालाही तीच लागू असं समजून आम्ही गेलो होतो. एस्टिमेट घेताना सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. आणि सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, वही भरून लिहून घेतलंय. अजून एक विचारायचंय. आईची एक दाढ किडलीये, अधूनमधून ठणकते. ऑपरेशननंतर निवांत काढली तर चालेल का?

फिजिओ ताई
नाही, आधीच. दात, लघवीचं इन्फेक्शन, पायाच्या भेगा, काहीही असेल ते आधी बरं करून घ्या आणि शुगर असेल तर ताब्यात आणा. तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात आणि तिथून त्यांना काढणं फार कठीण. याच आठवड्यात डेंटिस्टकडे न्या आणि सर्जननाही फोन करून सांगा, गरज पडली तर ते तारीख पुढे घेतील.